पहिल्या चित्रपटानंतरची वर्षे

देशातील त्या-त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट कथापटाला दिला जाणारा सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान, ज्याला आज सुवर्णकमळ म्हणतात, तो मराठी चित्रपटाच्या वाट्याला पाच वेळा आला. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ने १९५४ साली तो पहिल्यांदा मिळवला, आणि त्यानंतर अर्धशतक उलटल्यावर संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४), उमेश विनायक कुलकर्णी यांचा ‘देऊळ’ (२०१२), चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१५) आणि सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ (२०१७) अशा चार चित्रपटांना तेरा वर्षांच्या अवधीत तो लाभला. या तेरा वर्षांचे वर्णन मराठी चित्रपटाचे पुनरुत्थान असे करण्याची पद्धत पडून गेली आहे आणि ते वर्णन चुकीचे नाही. मात्र त्यावर लिहिणाऱ्यांची नजर बहुधा पुरस्काराच्या दिवसापाशी थांबते, आणि तो दिवस मावळल्यानंतर दिग्दर्शकाचे काय झाले, त्याचा पुढचा चित्रपट कधी आला, मधली वर्षे त्याने कशी काढली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

येथे स्वतंत्र चित्रपट हा शब्द एका मर्यादित अर्थाने वापरला आहे. ज्या चित्रपटाची उभारणी प्रस्थापित निर्मितीसंस्थेच्या किंवा लोकप्रिय ताऱ्याच्या बळावर झालेली नाही, आणि ज्याची कथा, पात्रनिवड व अखेरचे संकलन यांचा निर्णय दिग्दर्शकाच्या हाती राहिलेला आहे, तो स्वतंत्र चित्रपट. असा पहिला चित्रपट ज्या पैशातून उभा राहतो तो पैसा स्वभावतःच एकदा वापरून संपणारा असतो: गहाण पडलेले घर, विकलेली जमीन, मित्रांनी मोबदल्याशिवाय दिलेले महिने, नातेवाइकांची ठेव. दुसऱ्या चित्रपटासाठी घर पुन्हा गहाण टाकता येत नाही आणि त्याच मित्रांना पुन्हा फुकट राबवता येत नाही, कारण तोवर त्यांचेही संसार सुरू झालेले असतात. म्हणून पहिल्या यशानंतर दिग्दर्शक किती चालला हे त्याच्या प्रतिभेवरून जितके ठरते, त्याहून अधिक ते त्याच्याजवळ टिकाऊ सोबती आहे की नाही यावरून ठरते. चित्रपटाचा कलेतर भार, म्हणजे भांडवल, करार, वितरण आणि कर्जफेड, हा सोबती एका चित्रपटापुरता न उचलता वर्षानुवर्षे उचलत राहतो. मराठीतील गेल्या दोन दशकांची हकीकत या दृष्टीने वाचली की तिच्यातील पुष्कळ कोडी उलगडतात.

या हकीकतीचा पहिला नमुना भारतीय चित्रपटाच्या आरंभीच सापडतो. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला तेव्हा त्यांच्यामागे पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने आणि त्यांचे श्रम उभे होते. यश मिळाल्यावर भांडवलदार पुढे आले आणि हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. भागीदारांशी मतभेद विकोपाला गेल्यावर फाळके सारे सोडून काशीला निघून गेले आणि तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. पुढे ते परतले, चित्रपटही काढले, परंतु पहिल्या वर्षांची झेप पुन्हा आली नाही; ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा शेवटचा चित्रपट कोल्हापुरात झाला आणि १९४४ साली नाशिकला त्यांचे निधन झाले. ज्या माणसाने पडदा, कॅमेरा, रसायने आणि नट असे सारे शून्यातून उभे केले, त्याला भागीदार मात्र उभा करता आला नाही. फाळक्यांच्या काशीतल्या वर्षांवर कमल स्वरूप यांनी ‘रंगभूमी’ याच नावाचा माहितीपट केला, आणि स्वतः कमल स्वरूप यांचा ‘ओम दर-ब-दर’ हा १९८८ चा चित्रपट चित्रपटगृहात पोहोचायला २०१४ साल उजाडावे लागले. एका अडलेल्या कलावंताला दुसऱ्या अडलेल्या कलावंताचा शोध घ्यावासा वाटावा, यात नवल नाही.

स्वातंत्र्यानंतर हा भार शासनाने अंशतः उचलला. १९६० साली स्थापन झालेल्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने १९६९ पासून कमी खर्चाच्या, नव्या वळणाच्या चित्रपटांना कर्ज देण्यास सुरुवात केली आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या पिढीला पहिली संधी मिळाली. परंतु कर्ज एकेका चित्रपटासाठी होते, कारकिर्दीसाठी नव्हते. पुण्यात ऋत्विक घटक यांच्या हाताखाली शिकलेल्या कुमार शहानी यांचा ‘माया दर्पण’ १९७२ मध्ये आला आणि त्यांचा पुढचा कथापट ‘तरंग’ येईपर्यंत १९८४ उजाडले. बारा वर्षांचे हे अंतर पुढे सावंत यांच्या वाट्याला जवळजवळ तसेच आले. महाराष्ट्रात त्याच सुमारास, १९७५ पासून, राज्य शासनाने करमणूक कर परताव्याची योजना आणली: मराठी चित्रपटाच्या तिकिटांवर गोळा झालेला कर निर्मात्याला परत मिळे, आणि तो पुढचा मराठी चित्रपट काढण्याच्या अटीवर मिळे. ही अट फार महत्त्वाची होती, कारण तिच्यात दुसऱ्या चित्रपटाची तरतूद पहिल्याच्या पोटात होती. तिचा मोठा लाभ गल्ला भरणाऱ्या विनोदपटांना झाला हे खरे, कारण परतावा तिकीटविक्रीच्या प्रमाणात होता. पण शासनाने एका चित्रपटापलीकडे पाहिल्याचे ते दुर्मिळ उदाहरण आहे. पुढे तिची जागा दर्जानुसार ठरणाऱ्या अनुदानाने घेतली आणि ‘अ’ दर्जाच्या चित्रपटाला ४० लाख, ‘ब’ दर्जाच्या चित्रपटाला ३० लाख अशी रक्कम ठरली. हे अनुदान चित्रपट पूर्ण होऊन परीक्षण झाल्यावर हाती येते, आणि तोपर्यंत निर्मात्याच्या कर्जावरचे व्याज वाढत गेलेले असते.

‘श्वास’ची कथा या पार्श्वभूमीवर पाहावी. नातवाच्या डोळ्यांत कर्करोग आहे आणि त्याची दृष्टी वाचणार नाही हे कळल्यावर शस्त्रक्रियेपूर्वी त्याला एकदा जग डोळे भरून पाहू देणाऱ्या आजोबांची ही गोष्ट, नाटकाच्या आणि मैत्रीच्या वर्तुळातून एकत्र आलेल्या मंडळींनी केली. आजोबांची भूमिका करणारे अरुण नलावडे निर्मितीतही सहभागी होते. भारतातर्फे ऑस्करसाठी तिची निवड झाली तेव्हा अमेरिकेतील प्रचाराचा खर्च उभा करण्यासाठी महाराष्ट्रात लोकवर्गणी झाली, शाळकरी मुलांनी हातभार लावला, शासनाने आणि देवस्थानांनी मदत केली. एखाद्या चित्रपटाला समाजाने आपला मानल्याचे इतके निखळ उदाहरण मराठीत दुसरे नाही. पण ती सारी माया तयार झालेल्या चित्रपटाच्या वाट्याला आली, आणि तो चित्रपट ज्याने केला त्याचा पुढचा चित्रपट कोण करणार, हा प्रश्न कोणाच्या मनात आला नाही. सावंत यांचा दुसरा कथापट ‘नदी वाहते’ २०१७ मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनी आला. कोकणातल्या नदीविषयीची आणि तिच्या काठच्या गावाविषयीची ती गोष्ट होती, आणि तिच्या निर्मितीत त्यांच्या पत्नी नीरजा पटवर्धन त्यांच्याबरोबर होत्या. या तेरा वर्षांना आळस किंवा वैफल्य म्हणणे अन्यायाचे ठरेल. दोन्ही चित्रपटांमधील संयम एकाच जातीचा आहे, आणि जो दिग्दर्शक आपली गती बदलायला तयार नसतो त्याला बाजार जी किंमत मोजायला लावतो, तीच या वर्षांच्या रूपाने मोजली गेली.

ही किंमत कशी आकारली जाते, हे समजण्यासाठी तिकिटाच्या पैशाचा प्रवास पाहावा लागतो. २००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यातील दीर्घ संघर्षानंतर ठरलेल्या सूत्रानुसार कर वजा जाता उरलेल्या उत्पन्नातला वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि त्यापुढे ३० टक्के असा उतरत जातो. हिंदीतील मोठ्या चित्रपटाची बहुतेक कमाई पहिल्या तीन दिवसांत होते, त्यामुळे ही उतरण त्याला झोंबत नाही. स्वतंत्र चित्रपट मात्र तोंडी प्रसिद्धीवर जगतो. त्याची कीर्ती पसरायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि प्रेक्षक खरोखर येऊ लागतो तेव्हा वाटा सर्वांत कमी झालेला असतो, तोही त्याचा खेळ तोवर टिकला असेल तर. त्यातच डिजिटल प्रक्षेपणाचा खर्च वसूल करण्यासाठी प्रक्षेपण कंपन्या निर्मात्याकडून प्रत्येक पडद्यामागे जे शुल्क घेतात, आणि ज्याला व्यवसायात व्हीपीएफ म्हणतात, ते चित्रपट चालो न चालो भरावेच लागते. मराठी चित्रपटाला मल्टिप्लेक्समध्ये मोक्याची वेळ मिळावी म्हणून २०१५ च्या एप्रिलमध्ये राज्य शासनाने आदेश काढला आणि गदारोळानंतर दुपारी बारा ते रात्री नऊ अशी त्या वेळेची व्याख्या केली. पण पडदा कोणत्या दिवशी आणि किती दिवस मिळावा याचा निर्णय गल्ल्याकडे पाहूनच होत राहिला. ‘ख्वाडा’साठी शेतजमीन विकणाऱ्या आणि त्या पहिल्याच चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांच्या विशेष पारितोषिकापर्यंत पोहोचलेल्या भाऊराव कऱ्हाडे यांना २०२३ मध्ये ‘टीडीएम’ या तिसऱ्या चित्रपटाच्या वेळी खेळ मिळत नाहीत म्हणून जाहीरपणे दाद मागावी लागली. मेंढपाळांच्या भटकंतीचे एवढे खरे चित्र मराठीला देणाऱ्या माणसावर तिसऱ्या चित्रपटाच्या वेळीही ही पाळी यावी, हे मराठी समाजाला शोभणारे नाही.

उमेश कुलकर्णी यांची वाटचाल वेगळी आहे, कारण त्यांना सोबती लवकर मिळाला. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या कुलकर्णींच्या ‘वळू’ (२००८), ‘विहीर’, ‘देऊळ’ आणि ‘हायवे’ (२०१५) या चारही चित्रपटांच्या लेखनात गिरीश कुलकर्णी होते आणि अभिनयातही; ‘विहीर’च्या मागे अमिताभ बच्चन यांची ए. बी. कॉर्प उभी राहिली, तर ‘देऊळ’ अभिजित घोलप यांनी निर्मिला. आठ वर्षांत चार चित्रपट, त्यातले दोन, ‘विहीर’ आणि ‘देऊळ’, निर्विवादपणे पहिल्या प्रतीचे, हा वेग मराठी स्वतंत्र चित्रपटात अपवादानेच दिसतो. ‘विहीर’ला तर या काळातील सर्वांत खोल मराठी चित्रपट म्हणायला हरकत नाही, आणि तो चित्रपटगृहांत फारसा चालला नाही याची खंत आजही उरते. ‘हायवे’नंतर ही जोडी पूर्वीसारखी एकत्र आली नाही, गिरीश कुलकर्णी अभिनयाकडे अधिक वळले, ‘जाऊंद्या ना बाळासाहेब’चे दिग्दर्शन त्यांनी स्वतः केले, आणि उमेश कुलकर्णींच्या कथापटांत दीर्घ खंड पडला. त्या काळात त्यांनी पुण्यात ‘आरभाट’च्या माध्यमातून लघुपटांचा महोत्सव आणि नव्या चित्रकर्त्यांसाठी गाठीभेटींचे व्यासपीठ उभे केले. एका दिग्दर्शकाचे न झालेले चित्रपट आणि त्याने घडवलेली माणसे यांचा हिशेब एका वहीत मांडता येत नाही. तरीही ‘विहीर’च्या दिग्दर्शकाचा पाचवा कथापट लवकर यायला हवा होता, असे म्हणणे त्या कामाचा अनादर ठरत नाही.

‘कोर्ट’च्या बाबतीत सोबतीचे स्वरूप सर्वांत स्पष्ट दिसते. लोकशाहिरावरील खटल्याची ही गोष्ट २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात ओरिझोंती विभागातील सर्वोत्तम चित्रपट आणि सर्वोत्तम पदार्पण असे दोन सन्मान घेऊन आली, तेव्हा ताम्हाणे तिशीच्या आतले होते. संहितेच्या टप्प्यावर त्यांना रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्युबर्ट बाल्स निधीचे साहाय्य मिळाले होते. पटकथा लिहिली जात असतानाच मदत देणाऱ्या अशा निधीची उणीव भारतात फार जाणवते. आणि निर्माते विवेक गोम्बर, ज्यांनी चित्रपटात बचाव पक्षाच्या वकिलाची भूमिकाही केली, त्यांनी दिग्दर्शकाला घाई केली नाही. पुढच्या चित्रपटासाठी, हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतातल्या एका साधकाची कथा सांगणाऱ्या ‘द डिसायपल’साठी, गोम्बरच निर्माते राहिले, कार्यकारी निर्माते म्हणून मेक्सिकोचे दिग्दर्शक आल्फोन्सो क्वारोन जोडले गेले, आणि २०२० साली व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत पटकथेचा पुरस्कार मिळाला. मीरा नायर यांच्या ‘मॉन्सून वेडिंग’नंतर त्या स्पर्धेत पोहोचलेला तो पहिला भारतीय चित्रपट होता. सहा वर्षे दोन चित्रपटांमध्ये गेली, पण ती वर्षे हताश वाट पाहण्यात गेली नाहीत, तयारीत गेली, आणि हा फरक निर्मात्याने घडवला. ‘द डिसायपल’चा विषयही येथे आठवल्यावाचून राहत नाही: निष्ठा असूनही जिथे पोहोचायचे तिथे न पोहोचणाऱ्या माणसाकडे इतक्या प्रेमाने आणि इतक्या निर्दयपणे पाहणारा दुसरा मराठी चित्रपट नाही.

सुमित्रा भावे यांना सुवर्णकमळ मिळाले तेव्हा त्यांचे वय ७४ होते, त्यामुळे त्या अर्थाने ते आरंभीचे यश नव्हे. तरीही सातत्य कसे शक्य होते हे दाखवणारे त्यांच्याइतके बोलके उदाहरण नाही. ‘दोघी’ (१९९५) पासून २०२१ मध्ये निधन होईपर्यंत त्या आणि सुनील सुकथनकर सतत चित्रपट करत राहिले, कारण त्यांनी भांडवल चित्रपटव्यवसायाबाहेर शोधले. मानसिक आरोग्य, वार्धक्य, स्मृतिभ्रंश अशा विषयांत आस्था असलेल्या व्यक्ती आणि संस्था त्यांच्या पाठीशी राहिल्या. ‘अस्तु’ आणि ‘कासव’च्या निर्मितीत डॉ. मोहन आगाशे होते, जे नट आहेत तसेच मानसोपचारतज्ज्ञही आहेत. अशा पैशाला परताव्याची घाई नसते, कारण चित्रपट लोकांनी पाहावा आणि त्यावर बोलावे हाच त्याचा हेतू असतो. या मार्गाचीही एक मर्यादा आहे, ती अशी की विषयाच्या उपयुक्ततेचे ओझे कथेवर येऊ शकते, आणि भाव्यांच्या काही चित्रपटांत ते आलेही. परंतु ‘देवराई’ आणि ‘कासव’ पाहिल्यावर हा सौदा तोट्याचा होता असे म्हणवत नाही.

नागराज मंजुळे यांचे यश इतके मोठे आहे की त्यांना या चर्चेत घ्यावे की नाही असा प्रश्न पडावा. ‘फँड्री’साठी त्यांना पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०१६ च्या ‘सैराट’ने मराठी चित्रपटाच्या कमाईच्या साऱ्या कल्पना मोडून काढल्या. मात्र यात एक गोष्ट दडलेली आहे. ‘फँड्री’चा धोका नीलेश नवलाखा आणि विवेक कजारिया या निर्मात्यांनी पत्करला होता, ‘सैराट’ मंजुळे यांच्या आटपाट या संस्थेने झी समूहाबरोबर केला. नव्या दिग्दर्शकावर पहिला पैसा लावणारा एक आणि त्या दिग्दर्शकाचे मूल्य सिद्ध झाल्यावर फळ मिळणारा दुसरा, अशी ही रचना आहे. यात कोणाचा दोष नाही, पण ज्याने धोका घेतला त्याला पुन्हा धोका घेण्याचे बळ अशा रचनेतून मिळत नाही. मंजुळे यांनी स्वतःची संस्था उभारली, आणि ‘नाळ’सारख्या इतरांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटांमागे ती उभी राहिली, हे त्यांच्या स्वतःच्या चित्रपटांइतकेच मोलाचे काम आहे. ‘सैराट’नंतर त्यांचा पुढचा कथापट ‘झुंड’ २०२२ मध्ये, हिंदीत आला. परेश मोकाशी यांनी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’साठी घर गहाण टाकले होते, पुढे लेखिका आणि निर्मात्या मधुगंधा कुलकर्णी यांच्या साथीने ‘एलिझाबेथ एकादशी’पासून ‘वाळवी’पर्यंतचा त्यांचा प्रवास अखंड राहिला, आणि फाळक्यांवर चित्रपट करणाऱ्याला फाळक्यांचे भागधेय टाळता आले.

ज्यांना असा सोबती मिळाला नाही त्यांनी आपल्या हुन्नरावर निर्वाह केला. बर्लिनमध्ये ‘किल्ला’ला बालपरीक्षकांचे क्रिस्टल बेअर मिळवून देणारे अविनाश अरुण मूळचे छायालेखक, म्हणजे कॅमेऱ्याचे काम करणारे, ‘मसान’ आणि हिंदी ‘दृश्यम’ त्यांनी चित्रित केले, ‘पाताल लोक’ या वेबमालिकेचे दिग्दर्शन केले, आणि ‘किल्ला’च्या हळव्या, पावसाळी कोकणात ते ‘थ्री ऑफ अस’मधून पुन्हा पोहोचले तेव्हा आठ वर्षे लोटली होती व भाषा हिंदी होती. ‘डोंबिवली फास्ट’चे निशिकांत कामत हिंदीत गेले, ‘मुंबई मेरी जान’सारखा स्वतःच्या नजरेचा चित्रपट त्यांनी केला, आणि नंतर बराच काळ इतर भाषांतल्या यशस्वी चित्रपटांची हिंदी रूपे करण्यात त्यांचे कसब गुंतले, २०२० मध्ये ते अकाली गेले. ‘टिंग्या’नंतर मंगेश हाडवळे यांचा ‘देख इंडियन सर्कस’ बुसानच्या महोत्सवात प्रेक्षकांची पसंती मिळवूनही भारतात रीतसर पोहोचला नाही. गोव्यात लक्ष्मीकांत शेटगावकर यांच्या ‘पल्तडचो मुनीस’ या कोंकणी चित्रपटाला २००९ साली टोरोंटोत समीक्षकांचे पारितोषिक मिळाले आणि ‘बागा बीच’ येईपर्यंत चार वर्षे गेली. कोंकणीसारख्या लहान प्रेक्षकवर्गाच्या भाषेत हे अंतर कमीच म्हणावे लागेल. या सर्वांची नावे वाया गेलेल्या गुणांच्या यादीत घालणे चूक आहे, कारण त्यांनी हिंदी चित्रपटाला आणि मालिकांना जे दिले ते खरे आहे. मराठीचे नुकसान इतकेच की ते तिला मिळाले नाही.

अलीकडच्या दोन चित्रपटांकडे पाहिले तर चित्र थोडे बदललेले दिसते. जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’, चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात मुलगी पाहण्याच्या रीतीविषयीचा, सप्टेंबर २०२३ मध्ये टोरोंटोत पुरस्कार घेऊन मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या पडद्यावर आला, म्हणजे दीड वर्ष निर्मात्यांचा पैसा अडकून राहिला. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवातील जागतिक कथापटांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि त्याच सप्टेंबरात तो प्रदर्शित झाला. वडिलांच्या मृत्यूनंतर गावी परतलेल्या तरुणाची आणि त्याच्या बालमित्राची ही प्रेमकथा मराठीत इतक्या शांतपणे सांगता आली, हेही या वर्षांचे मोठे फलित आहे. परंतु या दोघांच्या बाबतीत सर्वांत आश्वासक गोष्ट पुरस्काराच्या आधीची आहे. सोमलकर यांनी निर्मात्या शेफाली भूषण यांच्याबरोबर ‘गिल्टी माइंड्स’ या मालिकेचे दिग्दर्शन ‘स्थळ’पूर्वीच केले होते, आणि ‘साबर बोंडं’च्या निर्मात्यांपैकी नीरज चुरी हे कानवडे यांच्या ‘उ उषाचा’ या लघुपटापासूनच त्यांच्यासोबत आहेत.